मुलांना स्कीइंग शिकवायचंय? मग गुलमर्गला राहायलाच जा

काश्मीरच्या टूरमध्ये गुलमर्ग म्हणजे सकाळी श्रीनगरहून निघायचं, गोंडोलात (म्हणजे तिथल्या केबल कारमध्ये) बसायचं, बर्फात फोटो काढायचे, तासभर स्की पायात अडकवून कोणाचा तरी हात धरून थोडंसं घसरायचं आणि संध्याकाळी परत हाउसबोटीवर. बहुतेक आयटिनररीमध्ये असंच असतं. आजी-आजोबा किंवा लहान बाळ बरोबर असेल तर तेच बरोबर आहे, त्यात काही वाद नाही. पण घरात तेरा ते सतरा वयाची मुलं असतील आणि त्यांना खरंच स्कीइंग यावं अशी इच्छा असेल तर कृपया तो एक तासवाला प्रकार करू नका. गुलमर्गमध्येच मुक्काम करा, निदान चार-पाच पूर्ण दिवस, रोज तोच इन्स्ट्रक्टर, आणि त्यासाठी पहलगाम-सोनमर्ग सरळ कापून टाका. मला या सगळ्या लेखात मुख्य एवढंच सांगायचंय, बाकीचं सगळं ते कसं जमवायचं याबद्दल.

आमच्याकडे लेक अकरावीत, मुलगा आठवीत आणि आम्ही दोघं पंचेचाळिशी ओलांडलेले. चौघांपैकी कोणीच कधी स्की पायात घातलेली नव्हती. परत आल्यापासून सोसायटीत आणि ट्रेकिंगच्या ग्रुपवर इतक्या जणांनी विचारलं की प्रत्येकाला वेगळं व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतेय.

आधी कुठे जायचं ते. सोलंग व्हॅली आम्ही लगेच बाजूला ठेवली कारण तिथला उतार छोटा आणि गर्दी प्रचंड, मनालीला आलेला प्रत्येक माणूस तिथेच येतो. औली मात्र खूप दिवस डोक्यात होतं, समोर नंदादेवी दिसते आणि गढवाल मंडळ विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्सही असतात. पण डेहराडूनहून जोशीमठपर्यंत अख्खा दिवस गाडीत जातो, आणि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. दोन्ही बाजूच्या प्रवासातच सुट्टी संपली असती. मुलाने अल्माटीचं नाव काढलं होतं (कझाकस्तानला आपल्याला १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही हे त्यानेच शोधून काढलं!), पण पहिल्यांदा शिकताना इन्स्ट्रक्टर काय सांगतोय ते शब्दन् शब्द कळलं पाहिजे असं माझं ठाम मत होतं. हिंदीत "घुटने मोड़ो, आगे झुको" म्हटल्यावर जे चटकन अंगात जातं ते तुटक इंग्रजीत जात नाही. शिवाय मुंबईहून श्रीनगरला थेट फ्लाइट आहे आणि विमानतळापासून गुलमर्ग साधारण ५५ किलोमीटर. म्हणून गुलमर्ग.

बरं, हे ठिकाण स्कीइंगसाठी काही नवीन नाही. इंग्रजांच्या काळात १९२७ मध्ये तिथे स्की क्लब ऑफ इंडिया सुरू झाला, आपल्या लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल तिथे आहे, आणि २०२० पासून खेलो इंडिया विंटर गेम्स तिथे होतात. निघायच्या आधी मुलांना मी आरिफ खानबद्दल सांगितलं. गुलमर्गच्या उतारांवर शिकलेला मुलगा, २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिंपिकमध्ये भारताकडून गेलेला एकटा खेळाडू, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम (रोवलेल्या खांबांमधून वळत खाली उतरायच्या शर्यती) दोन्हीत उतरला होता. माझ्या मुलाने त्याच्या रेसचे व्हिडिओ शोधून बघितले आणि तोपर्यंत "तिथे वायफाय आहे का" एवढंच विचारणारा पोरगा अचानक स्कीच्या कडा बर्फाला कशा धरतात ते विचारायला लागला. टीनएजर्सना ट्रिपमध्ये ओढायचं असेल तर डोंगराचे सुंदर फोटो दाखवून काही होत नाही, त्यांच्याच देशातल्या कोणीतरी ती गोष्ट जबरदस्त केलेली दाखवा.

आता तारखा. इथेच महाराष्ट्रातल्या आईबापांची खरी कसरत आहे. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर विषयच काढू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड आणि जानेवारीत प्रिलिम. नववी आणि अकरावी ही त्यातल्या त्यात मोकळी वर्षं. ख्रिसमसची सुट्टी सगळ्यांना सोयीची वाटते पण त्या आठवड्यात एक तर भाव चढलेले असतात आणि दुसरं म्हणजे बर्फाची खात्री नसते. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे थंडीचा सगळ्यात कडक काळ, त्यामुळे आपल्याला वाटतं की तेव्हा बर्फ असणारच. पण थंडी असली म्हणजे बर्फ असतोच असं नाही, त्याला पश्चिमेकडून येणारी वादळं लागतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, पिवळ्या गवताचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, आणि बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतल्या खेलो इंडियाच्या स्पर्धाच बर्फ कमी म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून माझं मत, जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरा, शाळेला आधीच पत्र द्या, आणि हॉटेल असं घ्या जे तारीख बदलून देईल, मग थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

सासूबाईंचा पहिला प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि तो अगदी रास्त आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ जे झालं त्यात आपल्या पुण्याची, डोंबिवलीची माणसं गेली, ते कोणीच विसरलेलं नाही. मी कोणाला "काही होत नाही, जा बिनधास्त" असं म्हणणार नाही. प्रत्येक घराने आपापलं ठरवावं, त्या आठवड्यातल्या बातम्या आणि प्रशासनाच्या सूचना बघाव्यात, आणि घरातल्या एकाचंही मन घेत नसेल तर त्याला ओढून नेऊ नये.

शिकवणारा कोण, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची गुलमर्गमधली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग, तिथे ठराविक तारखांचे कोर्स असतात, राहणं-खाणं-सामान सगळं त्यात, आणि शिस्त चांगली. कॉलेजातल्या मुलाला एकट्याला पाठवायचं असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन. पण चौघांचं कुटुंब, वेगवेगळी वयं, शाळेची मोजकी रजा, यात कोर्सच्या तारखा बसत नाहीत. तेव्हा दुसरा रस्ता म्हणजे खासगी इन्स्ट्रक्टर, तो मात्र आधी फोनवर बोलून ठरवा, पार्किंगमध्ये गाडीभोवती जी गर्दी जमते तिथे ठरवू नका. लायसन्स आहे का, याआधी पूर्ण नवशिक्या मुलांना शिकवलंय का, आणि सगळे दिवस तोच येणार की रोज कोणीतरी वेगळा, हे तीन प्रश्न विचाराच. तिसऱ्या प्रश्नावर जास्त जोर द्या, कारण रोज नवा माणूस आला तर तो रोज पहिल्यापासून सुरू करतो आणि मुलं कंटाळतात.

आणि मोठ्यांचा इन्स्ट्रक्टर वेगळा, मुलांचा वेगळा. पैसे दुप्पट होतात, तरीही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला पडायचं दुःख नसतं, आई बघत असताना पडायचं असतं. आमची लेक निघेपर्यंत "मी हॉटेलमध्ये बसून पुस्तक वाचेन" म्हणत होती, मी तिला एवढंच सांगितलं की आम्ही दोघं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असू, तुझ्याकडे बघणारही नाही, फोटो काढणार नाही, व्हिडिओ तर नाहीच. हे आम्ही शेवटपर्यंत पाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच स्वतःहून आली, "आई चल ना, बघ मी थांबू शकते", आणि तिने ते सात-आठ सेकंदांचं घसरणं आणि नीट थांबणं दाखवलं तेव्हा तिचा चेहरा जो काही होता, त्यासाठी मी परत एवढे पैसे आनंदाने घालवीन.

मुलगा एकदम उलटा. त्याला भीती नावाची गोष्ट नाही, पहिल्या तासातच सरळ खाली सुटायचा आणि पडल्याशिवाय थांबायचा नाही. त्याच्या इन्स्ट्रक्टरने फार छान केलं, त्याला म्हणाला तुला वेगाने जायचंय ना, मग आधी मी हात वर केला की तिथल्या तिथे थांबून दाखव, सलग जमलं की वरच्या लिफ्टला नेतो. बस, पोरगा दिवसभर थांबायची प्रॅक्टिस करत बसला. अशी दोन स्वभावांची मुलं असतील तर तिसऱ्या दिवसापासून त्यांनाही वेगळं करायला लागतं, हे आधीच इन्स्ट्रक्टरशी बोलून ठेवा.

शिकवतात कसं तेही थोडं सांगते म्हणजे मुलांना आधी कल्पना देता येईल, नाहीतर पहिल्या दिवशी "हे काय, डोंगर कुठाय" असं होतं. पहिला अर्धा दिवस गोल्फ कोर्सच्या बाजूच्या जवळजवळ सपाट भागावर जातो. आधी नुसते बूट घालून चालायचं, मग एकाच पायात स्की, मग दोन्ही, मग आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढायचं. पडायचं कसं (बाजूला, मागे नाही) आणि उठायचं कसं (स्की उताराला आडव्या करून) हे आधी. मग स्नोप्लाउ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या, जितकं मागे फाकवाल तितका ब्रेक. त्यानंतर वळणं, आणि इथे डोकं उलटं चालवावं लागतं, डावीकडे जायचं तर उजव्या पायावर वजन. सगळ्यात अवघड म्हणजे उतार दिसला की शरीर आपोआप मागे झुकतं, आणि मागे झुकलं की स्की आपल्या ताब्यातून सुटतात, म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवायची. मुलांना हे आमच्या निम्म्या वेळात जमलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छोटी ड्रॅग लिफ्ट, तिची दांडी पायांमध्ये धरायची आणि ती ओढत वर नेते, तिच्यावर बसायचं नसतं, नुसतं उभं राहायचं, ही गोष्ट आधी सांगितली तरी पहिल्यांदा सगळे बसायलाच जातात.

गोंडोलाबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. फेज वन कोंगडोरीपर्यंत, म्हणजे साधारण ३,१०० मीटर, आणि फेज टू अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर. पर्यटक म्हणून बसून वर जा आणि तसेच बसून खाली या, जरूर करा, तिकीट मात्र ऑनलाइन आणि लवकर काढा, तिथे ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. पण स्की घेऊन फेज टूला नवशिक्या मुलांना कोणी नेतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. वरचा सगळा भाग म्हणजे रोलर फिरवलेले सपाट उतार नाहीत, मोकळा डोंगर आहे, हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर तिथे हिमस्खलनात गेले, आणि ती काही आपल्यासारखी शिकाऊ माणसं नव्हती. आमच्या मुलाने शेवटच्या दिवशी खूप हट्ट केला, आम्ही दोघांनी आणि त्याच्या इन्स्ट्रक्टरने एकच उत्तर दिलं. पहिल्या ट्रिपमध्ये खालचे उतार नीट यावेत, जमलंच तर कोंगडोरीचा सोपा भाग, तेवढं भरपूर आहे.

सामान तिथे भाड्याने मिळतं, विकत काही घेऊ नका, टीनएजर्सचे पाय तर दर वर्षी वाढतात. पण भाड्याने घेताना घाई नको. बूट हा जीव की प्राण आहे. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकावीत, आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. दुखतोय म्हणून एक साइझ मोठा घ्यायचा मोह होतो, तो टाळा, पाय आत हलला की स्कीवर ताबा राहत नाही. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंत लांब. आपल्याकडे थंडी म्हटलं की दोन जाड मोजे चढवतात, त्याने बूट आवळला जाऊन पाय उलट जास्त गार पडतात. स्कीची उंची शिकताना हनुवटीपर्यंत किंवा थोडी खाली. आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, तो वजन, उंची, वय आणि येतं किती यावर सेट करायचा असतो. दुकानदाराने न विचारताच स्की हातात दिल्या तर थांबवा आणि मुलांसमोर सेट करून घ्या, पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा पिळवटतो. हेल्मेट सगळ्यांना, अगदी पहिल्या सपाट तासापासून, यावर चर्चा नाही. केस बिघडतात म्हणणाऱ्या लेकीलाही नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. जीन्स नको, ती ओली होते. आत घाम बाहेर टाकणारे थर्मल, मग फ्लीस, मग वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, आणि ग्लोव्ह्जची जास्तीची जोडी कारण पहिल्या दिवशी ते भिजणारच. गॉगल आणि सनस्क्रीन थंडीतही लागतात, बर्फावरून परत आलेलं ऊन हनुवटीच्या खालूनही भाजतं. मुलींच्या आयांसाठी एक, तारखा जुळत असतील तर आधीच डॉक्टरांशी बोला, पॅड्स भरपूर न्या, आणि इन्स्ट्रक्टरला "आज अर्धा दिवस" एवढं सांगायची मोकळीक मुलीला द्या, कारण दोन पँटींच्या थरात त्या उतारावरून वॉशरूमपर्यंत येणं हा मोठा कार्यक्रम असतो.

फोनचं मात्र निघायच्या आठवडाभर आधी बघा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच चालतं. आमच्या दोन्ही मुलांची सिम प्रीपेड, म्हणजे उतारावर मुलं एकीकडे, आम्ही दुसरीकडे आणि संपर्क शून्य. आम्ही त्या दोघांचे नंबर आधीच पोस्टपेड करून घेतले. थंडीत बॅटरीही भराभर उतरते, फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवायला सांगा.

शरीराची तयारी दोन महिने आधी सुरू केली तर फार फरक पडतो. सह्याद्रीत चालणाऱ्यांना दम असतो, पण स्कीइंगला मांड्या सतत अर्ध्या वाकलेल्या लागतात. आम्ही चौघं संध्याकाळी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचो, कोण जास्त वेळ टिकतो ते बघायला, रविवारी पर्वती किंवा सिंहगड, उतरताना मुद्दाम सावकाश. माझ्या नवऱ्याचा एक गुडघा जुना दुखरा आहे, त्याने ऑर्थोपेडिककडून आधी तपासून घेतलं आणि तिथे रोज फक्त सकाळचंच सत्र केलं. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, पहिल्या दिवशी डोकं जड होऊ शकतं, म्हणून पोचल्या पोचल्या स्की नको, नुसतं फिरा आणि पाणी प्या, तहान लागत नाही तरी प्या. इन्शुरन्स काढताना पॉलिसीत स्कीइंगचा शब्द लिहिलेला आहे का ते वाचा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसी साहसी खेळ वगळतात.

हॉटेल निवडताना व्ह्यूपेक्षा दोन गोष्टी विचारा, वीज गेल्यावर खोली कशी गरम राहते आणि शिकायच्या उतारापर्यंत चालत किती वेळ लागतो. बूट घालून आणि स्की खांद्यावर घेऊन चालणं मुलांना लवकर वैताग आणतं. खाण्याची काळजी शाकाहाऱ्यांनी करू नये, राजमा-भात, दम आलू, हाक म्हणजे हिरवी भाजी आणि नदरू म्हणजे कमळकाकडी सगळीकडे मिळतं, दुपारी कहवा. आमच्या खिशात राजगिऱ्याची चिक्की असायची, तीच इन्स्ट्रक्टर लोकांनाही इतकी आवडली की शेवटी पाकीट त्यांनाच देऊन आलो.

प्रवासाचं शेवटचं गणित. ताजा बर्फ पडला की तंगमर्गपासून वरचे १३ किलोमीटर चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनेच जावं लागतं, ते भाडं वेगळं, बजेटमध्ये धरा. आणि ज्या बर्फासाठी आपण जातो तोच बर्फ श्रीनगरची विमानं रद्द करतो. म्हणून गुलमर्गहून उतरायचा दिवस आणि फ्लाइटचा दिवस एकच ठेवू नका, मध्ये श्रीनगरला एक रात्र ठेवा, आणि घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलांची युनिट टेस्ट असेल तर रजेच्या पत्रात आणखी एक दिवस आधीच मागून ठेवा.